छतापर्यंत गेलेला तडा

स्वयंपाकघराच्या भिंतीवर ओल आली होती, साधारण ताटाएवढी. ग्रंथपालांनी तिचा फोटो काढून घरमालकांना पाठवला. लगेच उत्तर आलं, "वा! नवीन रंग का?"

"तुमच्या फोटोत ओलसुद्धा गोरी दिसते," बायको म्हणाली.

हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं. त्यांनी फोनमध्ये फोटो सुधारायचं एक अ‍ॅप घेतलं. माणसं देखणी व्हावीत म्हणून केलेलं ते अ‍ॅप (ग्रंथपालांच्या चेहऱ्यापुढे त्याने आधीच हात टेकले होते) त्यांनी भिंतीवर उलटं चालवलं. सावली वाढवली, ओल काळी पडली. आणखी वाढवली, हिरवी झाली. मग बोटाने ती छतापर्यंत ओढली आणि हौसेने एक तडाही काढला. तो इतका हुबेहूब उतरला, की त्यांनी वळून एकदा खरी भिंत बघून घेतली. फोटो घरमालकांना गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरमालक दारात हजर. सोबत हेल्मेट घातलेला इंजिनिअर.

"मी आत येणार नाही," इंजिनिअर बाहेरूनच म्हणाला. "आजच्या आज घर रिकामं करा."

"अगंबाई! आता जायचं कुठे?" म्हणत बायकोने भराभर फळीवरचे डबे उतरवायला घेतले.

ग्रंथपाल चाचरले. "तसं... तितकंसं काही नाही हो."

"तितकंसं नाही? तडा छतापर्यंत गेलाय!"

"तो मी काढलाय."

"भिंतीवर?"

"फोटोवर."

इंजिनिअरने हेल्मेट काढलं. बायकोने हातातला डबा खाली ठेवला आणि नवऱ्याकडे असं काही पाहिलं, की ते मागे सरकत सरकत थेट ओलीला जाऊन टेकले.

घरमालक मात्र शांत होते. "कुठलं हो हे अ‍ॅप? मलाही द्या."

ग्रंथपालांनी उभ्याउभ्याच सगळं समजावलं. डाग पुसायचं बटणसुद्धा दाखवलं. (कुणी काही विचारलं की सविस्तर सांगायचं, ही नोकरीतली सवय.)

"हलू नका," म्हणत घरमालकांनी फोटो काढला, जिभेचं टोक बाहेर काढून पाच मिनिटं त्यावर बोट घासलं आणि म्हणाले, "झाली दुरुस्ती. वहिनींना पाठवलाय फोटो." आणि इंजिनिअरला घेऊन जिना उतरलेसुद्धा.

बायकोने फोटो उघडला. भिंत दुधासारखी पांढरीशुभ्र. ओल पार गेली होती. तिला टेकलेले ग्रंथपालही गेले होते.

ती बराच वेळ फोटो निरखत राहिली. रागाचा मागमूस उरला नाही.

"अहो," ती हरखून म्हणाली, "खोली किती मोकळी वाटते!"