पाच-नऊ

कुंदाबाई पारोळ्याहून भाचीचं लग्न आटोपून परत आल्या, पाय धुवायला न्हाणीत गेल्या आणि तिथेच थबकल्या. तांब्याचं घंगाळ जागेवर नव्हतं. चोर शिरला म्हणावं तर पितळेची बादली होती, तांब्या होता, फक्त घंगाळच तेवढं गेलं होतं. त्यांनी नवऱ्याला हाक मारली. जीवराम म्हणाला, घंगाळ घरातच आहे. घरात म्हणजे नेमकं कुठे, म्हणून विचारलं तर त्याने परसातल्या लिंबाखालची ओली माती दाखवली.

"माह्या मायनं देल्हेलं घंगाळ तुमी पुरलं?"

"पुरलं नाही. अर्थिंग केलं," जीवराम म्हणाला. जसं काही असं म्हटल्याने घंगाळ वर येणार होतं.

आता हा अर्थिंगचा उद्योग काय होता ते सांगायला हवं. जीवराम जळगावच्या एका कापसाच्या जिनिंग प्रेसमध्ये कारकून होता आणि त्याला हौशी रेडिओचा नाद होता. म्हणजे गाणी ऐकायचा नाद नव्हे. ती कुणीही ऐकतं. हा बाबा स्वतः बोलायचा. लढाईत तो फौजेच्या सिग्नल खात्यात ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर होता. तिथे एकाच खड्ड्यात त्याच्याबरोबर धुळ्याचा अभिमन होता. दोघांना बहुधा एकच डास चावला असावा, कारण हिवतापही दोघांना एकाच दिवशी चढला. घरी आल्यावर दोघांनी सरकारकडून रीतसर परवाने काढले, लष्करी भंगारातून सामान गोळा करून सेट जुळवले, आणि तेव्हापासून रोज सकाळी सहाला, चहाच्या आधी, जळगाव धुळ्याशी बोलू लागलं. अख्ख्या खानदेशात असे वेडे दोनच.

सरकारी नियमाप्रमाणे बोलायचं ते फक्त यंत्राविषयी. हे दोघेही एक वाक्य यंत्राविषयी बोलत, मग वांग्याच्या भरताकडे वळत. धुळ्याहून अभिमन अहिराणीत विचारी, "काय भो, उठना का? बठ्ठं ठीक शे ना?" आणि जीवराम खुर्ची पुढे ओढून बसे. कचेरीत साहेब त्याचं ऐकत नसे. घरी थोरला भाऊ पितांबर शेतीच्या बाबतीत त्याचं मत विचारत नसे. दिवसभरात जीवरामला 'बोल बाबा' म्हणणारं माणूस एकच होतं, आणि ते बोरी-पांझरा नद्यांच्या पलीकडे बसलेलं होतं. ही सकाळची घटका नसती तर जीवरामने उरलेला दिवस कशाच्या जोरावर काढला असता, देव जाणे.

पण सुखाने राहवेल तो माणूस कसला! त्या थंडीत मुंबईच्या हौशी मंडळींनी एक स्पर्धा जाहीर केली. शनिवार-रविवार मिळून ज्याचा जास्तीत जास्त देशांशी संपर्क होईल, त्याला चांदीचा करंडक. शेवटी एक अट होती: निदान एक संपर्क आपल्याच राज्यातल्या केंद्राशी झालेला हवा, नाहीतर सगळे गुण बाद. स्नेहभाव वाढावा म्हणे. जळगाव-धुळ्याला मुंबईवाल्यांचा आवाज कधी लागत नसे. तो डोक्यावरून उडी मारून थेट परदेशी जाई. पण त्याची फिकीर कुणाला? अभिमन हसून म्हणाला, ती अट तर आपल्या खिशातच आहे, मी तुझ्याशी बोलेन, तू माझ्याशी बोल. जीवरामही हसला. गंमत म्हणून उतरू या, असं दोघांचं ठरलं.

गंमत टिकली ती दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत. प्रेसमध्ये चुडामण नावाचा वजनकाट्यावरचा कारकून होता. त्याला रेडिओ आणि लोणच्याची बरणी यांतला फरक सांगता आला नसता. पण त्याने डबा खाताखाता सहज विचारलं, करंडक पूर्व खानदेशात येणार की पश्चिम खानदेशात जाणार? झालं. जीवरामने हातातला घास डब्यात परत ठेवला. तोवर त्याने आपल्याला जिंकायचं आहे असं मनातही आणलं नव्हतं. आता अभिमन जिंकला तर कसं दिसेल, एवढंच त्याच्या मनात राहिलं.

तशात धुळ्याच्या एस.टी.चा कंडक्टर निंबा बातमी घेऊन आला. अभिमनभाऊंनी घरावर लांबच लांब खांब उभा केलाय, पतंग अडकतात त्याच्यात. सकाळीच अभिमन म्हणाला होता की आपल्याला कुठे एवढा सोस, जुन्या तारेवरच भागवू! आणि जीवरामनेही तेच सांगितलं होतं, ही गोष्ट मात्र त्याला त्या वेळी आठवली नाही.

तो उठला आणि सरळ पितांबरच्या केळीच्या बागेत गेला. घड धरलेल्या केळींना टेकू म्हणून लावलेले बांबू होते, त्यांतले चांगले सरळ पाहून काढून आणले. पितांबर बाजाराला गेला होता, म्हणून विचारायचा प्रश्न आला नाही. बांबूला बांबू बांधून जीवरामने छपरावर असा काही खांब चढवला की गल्लीतली माणसं त्याच्याखालून जाताना पावलं भरभर उचलू लागली. त्याच संध्याकाळी वारा सुटला. खांबाला काही झालं नाही. केळी मात्र घडांसकट आडव्या झाल्या. पितांबर भांडला असता तर बरं झालं असतं. सगळी कच्ची केळी गाडीत भरून त्याने जीवरामच्या ओट्यावर आणून टाकली आणि बैल वळवले. पुढे कितीतरी दिवस त्या घरात दोन्ही वेळा कच्च्या केळ्याची भाजी होती.

त्यातच घंगाळाचं प्रकरण आलं. सेटची तार ओल्या मातीत पुरलेल्या तांब्याला जोडली की आवाज लांब जातो, हेच ते अर्थिंग. कुंदाबाई त्या दिवसानंतर नवऱ्याशी कामापुरतंच बोलू लागल्या. त्याला आंघोळीला विहिरीचं गार पाणी मिळू लागलं. भाऊ तुटला, बायको रुसली, भाजी तीच. पण खांब उंच होता ना! जीवराम तेवढ्यावर खूश होता.

स्पर्धेला चार दिवस राहिले असताना सकाळी अभिमनचा आवाज खोल गेल्यासारखा आला. त्याच्या सेटचा मोठा व्हॉल्व, म्हणजे आवाज दूर फेकणारी काचेची नळी, गेला होता आणि तो लहान व्हॉल्वच्या जोरावर कसाबसा बोलत होता. "जळी गया भो. तुन्हाकडे जास्तीचा एक शे ना? निंबाना हाते धाडी दे."

व्हॉल्व होता. समोरच फळीवर, बिस्किटांच्या डब्यात, कापसात गुंडाळलेला. जीवरामने त्या डब्याकडे पाहिलं, मग वरच्या खांबाकडे जाणाऱ्या तारेकडे पाहिलं, आणि म्हणाला, "माह्याजोळ नाही रे भो. असता त तुले नसता धाडला?"

बोलून गेल्यावर त्याला आठवलं. दिवाळीत अभिमन मुंबईला गेला होता. जुन्या बाजारात दिवसभर उन्हात हिंडून त्यानेच ते दोन व्हॉल्व जीवरामसाठी आणले होते. एक वापरायला आणि एक अडीनडीला, असंही तोच म्हणाला होता.

मग अभिमन म्हणाला, "बरं." आणि सेट बंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला धुळं बोललं नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. जीवरामला वाईट वाटलं, नाही असं नाही. एकदा तर तो डबा घेऊन एस.टी. स्टँडपर्यंत गेला. निंबाची गाडी लागलेली होती. पण अभिमनला व्हॉल्व मिळाला तर त्याचा खांब, त्याचा करंडक, चुडामणचं तोंड, हे सगळं डोळ्यांपुढे आलं आणि जीवराम डबा घेऊन घरी परतला. मेल्या त्या व्हॉल्वचं वजन ते किती, पण त्याला तो निंबाच्या हाती देववला नाही.

शनिवारी स्पर्धा सुरू झाली आणि अभिमन हजर! कुणाकडून तरी व्हॉल्व मिळवलाच होता गड्याने. मग काय विचारता. दोघेही तहान-भूक विसरून ओरडू लागले. जपान लागला, इटली लागली, ऑस्ट्रेलिया लागला. जीवराम कुणाला नाव विचारत नव्हता, गाव विचारत नव्हता. एरवी परदेशातला माणूस भेटला की तो त्याच्याकडचा पाऊस, पीक, लेकरंबाळं सगळं विचारायचा. आता नुसतं 'पाच-नऊ' म्हणायचं आणि पुढचा गाठायचा. पाच म्हणजे शब्द न् शब्द स्वच्छ कळतोय, नऊ म्हणजे आवाज भरपूर आहे. समोरच्याचा आवाज किड्यासारखा कुरकुरत असला तरी पाच-नऊच. कुंदाबाईंनी ताट आणून ठेवलं, ते तसंच परत गेलं.

रविवारी दुपार कलली तेव्हा जीवरामचे देश भरपूर झाले होते. राहिला होता फक्त तो खिशातला संपर्क. स्पर्धा साडेपाचला संपणार होती. त्याने मुंबई धुंडाळली, पुणं धुंडाळलं. कुणी लागेना. आणि धुळं तर शेजारच्या खोलीतून बोलावं इतकं स्वच्छ ऐकू येत होतं.

अभिमन पुकारत होता, "मुंबई राज्यातलं कोणतंही केंद्र, कोणतंही केंद्र!"

म्हणजे त्यालाही कुणी मिळालं नव्हतं तर! जीवरामला बरं वाटलं. आता घेईल माझं नाव, मग देऊ उत्तर. अभिमनने नाव घेतलं नाही. तो थांबला तसा जीवरामने बटण दाबलं आणि पुकारलं, "मुंबई राज्यातलं कोणतंही केंद्र!" अभिमनला ते ऐकू आलं नसेल हे शक्यच नव्हतं. अभिमन वाट पाहत थांबला. जीवरामही थांबला. मग पुन्हा अभिमन, पुन्हा जीवराम. उत्तर द्यावं तर याचे गुण पक्के होतात आणि हा पुढे असला तर आपण गेलो, हा हिशोब दोघांचाही सारखाच होता. एकाच खड्ड्यात शिकलेले ना!

कुंदाबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. किती दिवसांनी त्या आपण होऊन बोलल्या, "आहो, ते अभिमनभाऊजीच बोलून राह्यले ना? मग तुमी काहून बोलत नाही?"

जीवरामने हात वर करून त्यांना गप्प केलं. घड्याळाचा काटा साडेपाचवर गेला. धुळ्याचा आवाज थांबला. इकडे जळगावही थांबलं.

महिनाभर सकाळी सहाला दोन्ही सेट बंदच राहिले, मग निकाल लागला. जळगाव बाद, धुळं बाद. मुंबईवाले आयोजक म्हणून स्पर्धेबाहेर होते, आणि बाकीचेही बहुतेक याच अटीवर बाद झाले होते. करंडक मिळाला साताऱ्याच्या एका डॉक्टरांना. त्यांचा सेट शनिवारी दुपारीच जळाला होता. त्यांचे संपर्क मोजून तीन झाले. दोन परदेशातले, आणि तिसरा कराडच्या मित्राशी, जळका वास येतोय तर काय करू, असं विचारायला केलेला. प्रेसमध्ये चुडामणला हा निकाल सांगितला तेव्हा त्याने कसला करंडक म्हणून विचारलं. तो विसरूनही गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला जीवराम सेटपुढे बसला. बोलायचं खूप होतं. व्हॉल्वचं सांगायचं होतं, केळ्याच्या भाजीवरून हसायचं होतं. शेवटी त्याने धीर करून अभिमनला हाक मारली, सरळ नाव घेऊन. लगेच उत्तर आलं. उंच खांबामुळे आवाज असा खणखणीत आला की तसा पूर्वी कधी आला नव्हता.

"पाच-नऊ," अभिमन म्हणाला.

जीवराम थांबला. पुढे 'काय भो' येईल म्हणून थांबला. पुढे काही आलं नाही. मग त्याच्या तोंडून, दोन दिवसांत जडलेल्या सवयीने म्हणा की आणखी कशाने, तेच निघालं, "पाच-नऊ. आभारी आहे."

सेट बंद झाला. फळीवर बिस्किटांचा डबा तसाच होता. कुंदाबाई चहा घेऊन आल्या. नवऱ्याचं बोलणं एवढ्यात कसं आटोपलं म्हणून त्यांना नवल वाटलं.

"काय म्हणे भाऊजी?"

"त्याला मी अगदी स्वच्छ ऐकू येतो," जीवराम म्हणाला.

"आन् मंग?"

"मंग काही नाही." त्याने कप घेतला आणि चहा गार होईपर्यंत हातात धरून ठेवला.