चौक वाचनालयाचं वजन शिबिर

मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी पावणेनऊला आयडा टीचर वाचनालयाचं कुलूप उघडायला आल्या, तेव्हा पायरीवर बावीस बायका उभ्या होत्या. एकही मूल नव्हतं. बहुतेकींच्या पायांत पांढरे बूट होते, सगळ्यांच्या हातात पाण्याच्या बाटल्या होत्या आणि दोघींच्या काखेत गुंडाळलेल्या चटया होत्या.

"मुलं कुठेयत?" टीचरांनी विचारलं.

"घरी ठेवली," पुढे उभी असलेली एक बाई म्हणाली. "लहान मुलं इथे चालतात का?"

टीचरांना या प्रश्नाचा अर्थ लागला नाही. त्यांनी चष्मा पुसला, कुलूप उघडलं आणि सगळ्यांना आत घेतलं. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई वर्गाला ताटकळत ठेवत नाही.

वाचनालय म्हणजे चौक गावातल्या मच्छीमार सोसायटीच्या इमारतीतली एक लांबट खोली. मधोमध चार कपाटं पाठीला पाठ लावून उभी, भोवती बाकं, आणि दारातून येणारा समुद्राचा वारा. खोली सोसायटीची होती, आणि सोसायटीचे चेअरमन बॉस्को यांनी एप्रिलमध्येच टीचरांना स्पष्ट सांगितलं होतं. "टीचर, जूनपासून मासेमारी बंद. होड्या वर येतील. जाळी ठेवायला जागा न्हाय. तुमच्याकडं दिवसाला दोन माणसं येतात, त्यातलं एक पेपर वाचायला आनि एक पंख्याखाली बसायला. मे महिन्यात पंधरा दिवस रोज वीस माणसं दाखवा. न्हायतर किल्ली द्या."

म्हणून टीचरांनी मुलांसाठी उन्हाळी वाचन शिबिर ठरवलं. फोनवर टाइप करणं त्यांना जमत नसे, म्हणून त्यांनी मजकूर फोनला बोलून सांगितला आणि हाटकेशला राहणाऱ्या सुनेला, क्रिस्टलला पाठवला. क्रिस्टल ऑफिसच्या घाईत होती. तिने तो न वाचता अकरा ग्रुपवर पुढे ढकलला.

आता बाकावर बसलेल्या एका बाईने तोच मजकूर टीचरांच्या डोळ्यांपुढे धरला. "उन्हाळी वजन शिबिर. सर्वांसाठी मोफत. रोज सकाळी नऊ ते अकरा. सुरुवातीला जड जाईल, पण हळूहळू हलकं वाटू लागेल. पंधरा दिवसांत फरक तुम्हालाच जाणवेल. मागच्या वर्षी ज्यांनी मनापासून केलं, त्यांना आज घरचेसुद्धा ओळखत नाहीत. पाण्याची बाटली आणावी."

टीचरांनी तो मजकूर दोनदा वाचला. एक शब्द सोडला तर सगळे शब्द त्यांचेच होते.

"हे बघा," त्या उठून म्हणाल्या, "एक फार मोठी चूक झालीये..."

तेवढ्यात दारात बॉस्को उभे राहिले. धिप्पाड माणूस, दार त्यांनी भरून टाकलं. त्यांनी बोटाने एकेक बाई मोजली, मग उलट्या बाजूने पुन्हा मोजली.

"बावीस," ते हळू आवाजात म्हणाले. "ही सगळी शिबिराला आलीत?"

"हो, शिबिरालाच," बायका एका सुरात म्हणाल्या.

बॉस्को टीचरांकडे बघत राहिले. टीचरांनी तोंड उघडलं आणि परत मिटलं. आपण खोटं बोललेलो नाही, असं त्यांनी मनाशी म्हटलं. पण खरंही बोललो नाही, हे त्यांना लख्ख कळत होतं. बॉस्को निघून गेले.

ते गेल्यावर मात्र टीचरांनी सगळं सांगून टाकलं. शिबिर वाचनाचं आहे, वजनाशी काही संबंध नाही, आणि त्यांना सगळ्यांची माफी मागायची आहे.

बेव्हर्ली पार्कहून आलेली समीक्षा चटई हातात घेऊन उभी राहिली. "टीचर, मी दोन रिक्षा बदलून आलेय. सोसायटीत सगळ्यांना सांगून आलेय. आता परत जाऊन काय सांगू, पुस्तक वाचून आले?"

मुर्ध्याहून बसने आलेल्या पार्वतीबाई साठीच्या होत्या. त्या गुडघ्यावर हात ठेवून कशाबशा उठल्या. "डॉक्टरनी सांगितलंय, वजन उतरवा न्हायतर गुडघा कापायचा," त्या कुणाकडेही न बघता म्हणाल्या. "मना वाटलं, देवानंच मेसेज धाडला."

त्यांचं हे बोलणं टीचरांना लागलं. दाराकडे निघालेल्या त्या पाठी बघून त्यांच्या तोंडून एकदम निघून गेलं, "चालायला तर येतं ना सगळ्यांना? या कपाटांभोवती चाला. मी वाचते. तुम्ही थांबलात की मी थांबेन."

कुणीतरी हसलं. पण रिक्षा बदलून आलेल्या बाईला परत जाण्याआधी थोडं बसायचं किंवा चालायचं तर असतंच. बाकं भिंतीला सरकवली गेली. टीचरांनी कपाटातून सगळ्यात जाड कादंबरी काढली. एका सुनेची गोष्ट होती. तिचा नवरा परदेशी गेलेला, आणि त्याची पत्रं सासू तिजोरीत लपवून ठेवते. तिसऱ्या पानावर पहिलं पत्र लपवलं गेलं. अकराव्या पानावर दुसरं. बायका चालत होत्या.

"काय बाई आहे ही!" समीक्षा कितव्यातरी फेरीत म्हणाली.

"चाला," टीचर म्हणाल्या आणि पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी बावीसच्या बावीस आल्या. तिसऱ्या दिवशी चोवीस. सासू काही नवीन करू लागली की बायकांचा वेग वाढायचा, जमीन हादरायची आणि वरच्या फळीवरचा शब्दकोश दोन बोटं पुढे सरकायचा. चौथ्या दिवशी तो पडला. सून रडायला लागली की सगळ्यांचे पाय जड व्हायचे आणि टीचरांना वाचन थांबवावं लागायचं. मग मागून ओरड यायची, "अगं चाला गं, नाहीतर ती तशीच रडत राहील!"

शब्दकोश पडला त्याच दिवशी बॉस्को न सांगता आले. चोवीस बायका ओळीने कपाटांभोवती फिरत होत्या आणि मध्ये उभ्या राहून टीचर वाचत होत्या.

"ह्या फिरतात कशाला?"

"बसून ऐकलं की झोप येते, चेअरमन."

बॉस्कोंनी यावर गंभीरपणे विचार केला. "खरं हाय," ते म्हणाले. "मना बी चर्चमदी मिसाला बसलो की येते."

पाचव्या दिवशी समीक्षाने काट्याचा विषय काढला. वजन किती उतरलं ते कळणार कसं? बायकांनी तिची बाजू घेतली. गावात माणूस मावेल असा एकच काटा होता, सोसायटीचा, मासळी मोजायचा. टीचर बॉस्कोंकडे गेल्या.

"काटा? वाचनालयाला?"

"पुस्तकं..." टीचर म्हणाल्या आणि अडकल्या. आयुष्यातलं पहिलं खोटं इतकं कठीण जाईल असं त्यांना वाटलं नव्हतं. "पुस्तकांचं वजन करायचंय."

बॉस्कोंनी कारण विचारलं नाही. ते काटा घेऊन स्वतः आले आणि दुपारभर एकेक फळी रिकामी करून स्वतःच वजन करत बसले. टीचरांना नाही म्हणता येईना. त्या पुस्तकं उचलून देत राहिल्या. चार वाजता बॉस्कोंनी कपाळ पुसलं. "अकराशे चाळीस किलो," ते म्हणाले, आणि बराच वेळ कपाटांकडे बघत राहिले. "एवढा माल आपल्याकडं हाय, मना ठाऊकच नव्हतं."

दुसऱ्या दिवशी बायका काट्यावर चढल्या. पार्वतीबाई चढेनात. "जिथं सुरमई मोजतात तिथं मी चारचौघीत न्हाय चढायची." शेवटी टीचरांनी सगळ्यांना बाहेर पाठवलं, स्वतः भिंतीकडे तोंड केलं आणि पार्वतीबाईंनी आपला आकडा आपणच बघितला. तो त्यांनी कुणाला सांगितला नाही.

नवव्या दिवशी टीचरांचा घसा बसला. रोज दोन तास चोवीस जोड्या पायांच्या आवाजावर आवाज चढवायचा, तर दुसरं काय होणार? गोष्ट अशा जागी होती की थांबणं शक्य नव्हतं. तिजोरीची किल्ली सुनेच्या हाती लागली होती. मग ठरलं, प्रत्येकीने एकेक पान वाचायचं, बाकीच्यांनी चालायचं. समीक्षा इंग्रजी शाळेत शिकलेली. तिने "कुलूप" शब्दाशी चांगलीच झटापट केली, पण पान पुरं केलं. पार्वतीबाईंची पाळी आली, तेव्हा त्या चष्मा विसरल्या होत्या. दहाव्या दिवशीही विसरल्या. अकराव्या दिवशी समीक्षाने आपला चष्मा पुढे केला, तर पार्वतीबाई चालताना कधी नव्हे इतक्या वेगाने कपाटामागे गेल्या.

टीचरांनी असे विसरलेले चष्मे पस्तीस वर्षं पाहिले होते. त्या दिवशी सगळ्या गेल्यावर त्या पार्वतीबाईंबरोबर बसथांब्यापर्यंत चालत गेल्या.

"कितवीपर्यंत?" त्यांनी बसक्या आवाजात विचारलं.

पार्वतीबाई रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "दुसरी. मग बापाबरोबर मिठागरावर जायला लागले. बसचे आकडे येतात मना. अक्षरं पन येतात, एकेक करून. सगली एकदम आली की पलून जातात."

"उद्या आठला या. अक्षरं पळाली तर दोघी मिळून पकडू."

पार्वतीबाई आठला आल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशीही, आणि तिसऱ्याही. टीचरांच्या घशातून आवाज निघत नव्हता आणि पार्वतीबाईंच्या तोंडातून अक्षर निघत नव्हतं, त्यामुळे वर्ग बहुतेक बोटांनीच चालला.

पंधराव्या दिवशी बॉस्को इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि खुर्ची घेऊन दारापाशी बसले. दीड पान उरलं होतं. कोण वाचणार, असं टीचरांनी विचारायच्या आतच पार्वतीबाई पुढे झाल्या.

"मी वाचते," त्या म्हणाल्या. "पन कुनी थांबायचं न्हाय. थांबलात तर मी बी थांबेन."

त्या वाचू लागल्या. एक शब्द, मग श्वास, मग दुसरा शब्द. बाकीच्या तेवीस जणी चालू लागल्या, पण त्या शब्दांच्या वेगाने. एक पाऊल, मग थांबल्यासारखं, मग दुसरं पाऊल. ती मिरवणूक एवढी संथ आणि गंभीर होती की बॉस्को खुर्चीवरून उठून उभे राहिले आणि त्यांनी हात पुढे बांधले. जोडाक्षरापाशी सगळी रांग अडायची, आणि ते सुटलं की एकदम पुढे सरकायची. दीड पानाला छत्तीस मिनिटं लागली. सुनेला पत्रं मिळाली. पार्वतीबाईंनी पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, "संपलं." मग त्यांना रडू आलं, आणि ते सुनेसाठी होतं असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं.

टाळ्या वाजल्या, आणि त्या गडबडीत समीक्षा बॉस्कोंपाशी जाऊन उत्साहाने म्हणाली, "सर, टोटल एकतीस किलो!"

"कसले?"

"वजन! पार्वतीबाई सोडून सगळ्यांचं मिळून उतरलं. काटा आल्यापासून. वजन शिबिर एकदम सक्सेसफुल!"

टाळ्या थांबल्या. टीचरांनी डोळे मिटून घेतले.

बायका हळूहळू निघून गेल्या. खोलीत टीचर आणि बॉस्को उरले. टीचरांनी उरल्यासुरल्या आवाजात सगळं सांगितलं: फोनने कसा शब्द बदलला, पहिल्या दिवशी त्या का गप्प राहिल्या, काटा खरं तर कशासाठी हवा होता. मग त्यांनी पदराला बांधलेली किल्ली सोडली आणि टेबलावर ठेवली. "मी तुम्हाला फसवलं, चेअरमन. जाळी आणून ठेवा."

बॉस्कोंनी किल्लीला हात लावला नाही. ते दारापर्यंत गेले, बाहेर दोन्ही बाजूंना बघितलं, आणि दार आतून लावून घेतलं.

"टीचर," ते घसा साफ करून म्हणाले, "तो मेसेज माज्या फोनवर बी आला होता."

टीचर बाकावर बसल्या.

"बायकोनं धाडला. डॉक्टर मना बी तेच सांगतो. पहिल्या दिवशी मी मोजायला न्हाय आलो होतो, शिबिराला आलो होतो. दारात बगतो तर सगळ्या बायाच. मंग मोजली."

"आणि चौथ्या दिवशी?"

"तवा बी." बॉस्कोंनी मान खाली घातली. "जाळी शेडमदी लावतो कुठंतरी. पन त्या सासूनं पयलं पत्र कसं लपवलं, ते मना कुनी सांगितलंच न्हाय. मी एकदम चौथ्या दिवशी आलो ना."

टीचरांनी किल्ली उचलून परत पदराला बांधली. कादंबरी उघडून त्यांनी पहिलं पान काढलं आणि बसक्या आवाजात वाचायला सुरुवात केली. बॉस्को हात मागे बांधून कपाटांभोवती निघाले. तिसरी फेरी होईपर्यंत त्यांचा इस्त्रीचा शर्ट भिजला, आणि सासू पोस्टमनच्या हातातून पत्र घेऊन तिजोरीपाशी पोचली तिथे ते धापा टाकत कपाटाला टेकले.

वाचन थांबलं.

"पुढं?" बॉस्कोंनी विचारलं.

"चाला," टीचर म्हणाल्या.