निशाबाईंची केशोरीवरील समाजशास्त्र-स्वारी

गोंदिया शहरी राहणाऱ्या, रसायनशास्त्राच्या मानकरी विद्यार्थिनी निशाबाई यांजवर समाजशास्त्र हा दुय्यम विषय कैसा चालून आला आणि त्यांनी त्यास कैसे जेर केले, ते साद्यंत श्रवण करावे.

निशाबाई ब्युरेटीतील थेंबाथेंबाचा हिशेब राखणाऱ्या. परंतु भूगोलाच्या जागा भरल्या आणि समाजशास्त्र पदरी आले. मग खासे भोजराज सर यांचे फर्मान सुटले की, एके गावी घरोघर फिरून कुटुंबांची पाहणी करावी, माहिती खरी व पडताळलेली असावी, कसूर जाहल्यास विषयात नापास आणि पदवी खोळंबेल.

सबब निशाबाई प्रश्नावली घेऊन, एस.टी.त आरूढ होऊन केशोरीवर चालून गेल्या आणि पहिला मोर्चा जमुनाबाईंच्या ओसरीवर लावला. शेती किती, माणसे किती, बिनलग्नाचे कोण, वय काय, ऐसे सवाल टाकले. या सवालांचा त्या मुलखी एकच अर्थ होतो, तो जमुनाबाईंनी घेतला.

"पाय वं शामकला, आता पोरीच पोरगा पायाले येऊन रायल्या!" ऐसा पुकारा त्यांनी शेजारी केला, आणि पुत्र धर्मेंद्र इस्त्रीचा सदरा लेवून, मान खाली घालून, पोह्यांची बशी घेऊन ओसरीवर दाखल जाहले.

धान पिकवणाऱ्या पोरास मुलगी मिळणे मुश्कील, म्हणोन वार्ता पसरताच अवघ्या आळीने दरवाजे उघडले, आणि घरोघर पोहे जाहले, आणि एकर वाढले, आणि वये घटली. शामकलाबाईंचा थोरला तर धाकट्याहून लहान निघाला. तेव्हा निशाबाईंनी जाणले की, नमुना समूळ दूषित जाहला. रडवेल्या होऊन त्या जमुनाबाईंपाशी परतल्या आणि कबूल जाहल्या, "मावशी, मी लग्नासाठी नाही, मार्कांसाठी आली."

"मंग माह्या पोराचे पोहे काऊन संपवले वं?" ऐसा जमुनाबाईंचा गोळा सुटला. परंतु पोरीचे डोळे भरलेले पाहून त्या नरमल्या आणि मसलत दिली, "आपलं खरं कोणी सांगत नाही. बाजूच्याचं इचार."

मग काय पुसावे! शामकलाबाईंनी जमुनाबाईंचे एकर छाटले, जमुनाबाईंनी शामकलाबाईंच्या थोरल्यास त्याची वर्षे परत केली, आणि दिवस मावळण्याआधी अवघ्या आळीचे सत्य, न मागितलेल्या पुराव्यांनिशी, हाती आले.

तोंडी परीक्षेत भोजराज सरांनी पडताळणीची रीत पुसली. निशाबाईंनी जैसी होती तैसी सांगितली. सर हसता हसता ठसकले आणि पाणी पिऊन उत्तीर्णतेचा हुकूम दिला.

मग निशाबाईंनी केशोरीस फोन केला.

"पास झाली न? आता खरं सांग, पोहे कसे होते?"

"मीठ थोडं कमी होतं, मावशी."

"अन् शामकलाकडचे?"

"खारट."

जमुनाबाई परम संतुष्ट जाहल्या.

येणेप्रमाणे निशाबाईंची मोहीम फत्ते जाहली. धर्मेंद्र यांची अद्याप जारी आहे.