देशकरकाकांची खाकी कव्हरं

देशकरकाकांच्या लखनौमधल्या, आलमबागच्या दुकानातून पुस्तक कधी नागडं बाहेर पडत नसे. शब्द त्यांचाच. तुम्ही पैसे देऊन दाराकडे वळलात, की "थांबा यार, असं नागडं कुठं नेता?" म्हणत ते पुस्तक काढून घेत. मग खाकी कागद, कात्री, घड्या. शेवटी पांढरी चिठ्ठी डकवून तिच्यावर टपोऱ्या अक्षरात तुमचं नाव आणि खाली दुकानाचा शिक्का, फोन नंबरसकट. तोवर तुमची बस सुटलेली असे. त्याबद्दल काकांना वाईट वाटलेलं मी कधी पाहिलं नाही.

मी मानक नगरला राहतो, रेल्वेत इंजिनिअर आहे. दर शनिवारी तासभर मराठीत गप्पा मारायला त्यांच्याकडे जातो. फुकटात चहा मिळतो, हेही खरं.

मेट्रोचं काम निघालं आणि दुकानापुढे पत्रे उभे राहिले. गिऱ्हाईक आटलं. घरमालकाला तिथे मोबाइलचं दुकान हवंच होतं. काकू गेल्यापासून काका नुसते झोपायला घरी जात, त्यामुळे दुकान गेलं तर ते दिवसभर करणार काय, हा प्रश्नच होता. "काका, ऑनलाइन विका," मी म्हणालो. सल्ला द्यायला माझं काय जात होतं? एका वेबसाइटवर खातंही मीच उघडून दिलं. हिंदी माध्यमातल्या परीक्षांची पुस्तकं टाकली आणि गोंडा, बलिया, हरदोईहून ऑर्डरी आल्या.

काकांनी पहिल्या दहा पुस्तकांना कव्हरं घातली, नावं घातली आणि थाटात रवाना केली. सहा परत आली. तक्रार एकच, 'पुराना माल भेजा है.' नव्या पुस्तकाला कव्हर घालून पाठवणारा महाभाग या जगात असेल, हे त्या बिचाऱ्यांना कसं सुचावं?

"कव्हर काढा आणि दुसऱ्याला विका," मी म्हणालो.

"अच्छा! मिश्राजींचं नाव घातलंय त्याच्यावर. दुसऱ्याला कसं देऊ? उद्या मागतील ते."

मिश्राजी मागणार नव्हते. तरी त्यांच्यासारख्यांची एक अख्खी फळी तयार झाली. महिनाभरात वेबसाइटवाल्यांचा मेल आला, परतीचं प्रमाण असंच राहिलं तर खातं बंद. मी काकांना समोर बसवून रेटिंग, पॅकिंग आणि ग्राहकाचं समाधान यांवर अर्धा तास व्याख्यान दिलं. आयुष्यात मी स्वतः एक पेन्सिलही विकलेली नाही. काकांनी कात्री ड्रॉवरमध्ये टाकली.

पुढे सगळं माझ्या योजनेबरहुकूम झालं. पुस्तकं प्लास्टिकच्या पिशवीत नागडी जाऊ लागली. परतीचं नाव नाही. पाचपैकी पाच तारे. घरमालकही गप्प बसला. ऑफिसात मी हा पराक्रम इतक्यांना ऐकवला, की लोक मला पाहून रस्ता बदलू लागले.

एका शनिवारी गेलो, तर काका दुकानाचा फोन उचलून कानाला लावत होते आणि परत ठेवत होते.

"बिघडलाय का?"

"नाही. चालू आहे." मग खाली बघत म्हणाले, "पुस्तकं परत यायची ना, तेव्हा लोक फोन करायचे. चिठ्ठीवर नंबर होता. बलियाची एक रेखा, केवढी भांडली! 'अंकल जी, आपने ठग लिया.' मी म्हटलं, बेटा, कव्हर उतारके तो देखो. उतरवलं तिनं, आणि हसत सुटली. परीक्षा झाल्यावर पण केला तिनं फोन." त्यांनी पुन्हा एकदा रिसीव्हर उचलून ठेवला. "आता कोणी भांडत पण नाही, यार."

पाच तारे दाखवायला काढलेला मोबाइल मी खिशात घातला. मला स्वतःची लाज वाटली. घरी पाहुणे येणार होते, निघायला हवं होतं. पण मी स्टूल पुढे ओढून बसलो.

"काका, त्या रेखाची परीक्षा कसली होती?"

"मास्तरणीची," काका म्हणाले, आणि अगदी पहिल्यापासून सांगायला लागले.