यूपीएस पडला आणि गादी राखिली, त्याची बखर

श्री विद्युल्लता प्रसन्न. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, चैत्र वद्य प्रतिपदा, वार बुध. ते दिवशी तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्या आणि एक गॅलरी इतक्या मुलुखाच्या राज्यात जे वर्तमान जाहले ते लिहितो, पदरचे घालीत नाही. राज्याचे नाव सांगावयाची आज्ञा नाही. राज्याचे धनी राजश्री दिगंबरपंत, वय वर्षे एकोणसाठ, जन्म सारा टपालावर शिक्के मारण्यात गेला, हाती पेचकस कधी धरिला नाही. त्यांच्या मातुश्री आईसाहेब दोन वर्षे अर्धांगाने खाटेवर, आणि पाठीस जखमा होऊ नयेत म्हणोन अंगाखाली हवेची गादी, ती विजेवरचा लहानसा पंप अष्टौप्रहर फुगवीत असे. वीज गेली की गादी चपटी होई आणि आईसाहेबांची पाठ फळीस लागे. मागे ऐशीच एके दुपारी जखम जाहली ती भरावयास तीन मास लागले, आणि तेव्हापासून खाटेखाली यूपीएस नामे ठाणेदार नेमिला. वीज गेली तर त्याने आपल्या पोटातील बॅटरीवर दोन-तीन तास पंप चालवावा, ऐशी त्याची नोकरी. दर गुरुवारी नऊ ते अकरा देखभालीस्तव वीज बंद, ही त्या पेठेची चाल. म्हणोन बुधवारी सकाळी पंतांनी ठाणेदाराची परीक्षा घ्यावी, हा पंतांचा नेम.

त्या बुधवारी परीक्षा घेऊ गेले तो यूपीएस आधीच पडलेला. दिवा नाही, टूं नाही, पंपही मुका. मग पंतांनी धावत पंपाची वायर थेट भिंतीस जोडिली आणि गादी सावरिली, परंतु उद्या नवाचे भय छातीवर बसले. मग टेस्टर लाविला, भिंतीत वीज होती. मग मागचा फ्यूज काढून उजेडात पाहिला, आतली तार शाबूत होती. मग जुन्या रेडिओस मारीत तैशा दोन चापट्या दिधल्या, आणि त्याही वाया गेल्या. ते समयी राणीसाहेब शालिनीबाई स्वयंपाकघरातून बोलिल्या, "अहो, पिन काढलीत का आधी? एक माणूस खाटेवर आहे ते पुरे झालं मला." पंतांनी तत्काळ पिन काढिली.

इमारतीच्या पायथ्याशी इस्माईलभाई बॅटरीवाले यांचे दुकान. माणूस बहुत जाणता, परंतु गुडघे गेलेले, तिसरा मजला चढणे नाही. मग पंतांनी खाली जाऊन लक्षणे सांगितली, बॅटरी गेली ऐसे इस्माईलभाई बोलिले, तेव्हा मापाची नवी बॅटरी आणिली आणि पेचकसही उसना आणिला, आणि शालिनीबाईंनी मोबाईल हाती धरून व्हिडिओवर इस्माईलभाईंस खाटेखालचे रणांगण दाखविले. इस्माईलभाई पाहतात तो गर्जले, "थांबा, थांबा, साहेब! ते निळं काय घातलंय त्याला?"

ते निळे म्हणजे क्रोशाचे कव्हर. त्या राज्यात उघडे काही ठेवावयाची रीत नव्हती. फ्रीजच्या मुठीस कव्हर, रिमोटास प्लास्टिक, पाहुण्यांच्या खुर्च्यांस अभ्रे. हे निळे आईसाहेबांनी मिक्सरास विणिले होते, उजव्या हाताने विणलेले शेवटचे. पुढे मिक्सर मोडला, हातही गेला, आणि कव्हर टाकवेना म्हणोन पंतांनी ते यूपीएसास घातिले, चहूबाजूंनी नाड्या बांधून.

"अहो, बाजूच्या ह्या फटींतून तो श्वास घेतो," इस्माईलभाई म्हणाले. "तुम्ही उन्हाळ्यात त्याला स्वेटर घातलात! आत बॅटरी शिजली असेल."

पंतांनी खूण केली की हळू बोला, आई ऐकते आहे. परंतु आईसाहेबांचे कान शाबूत होते. तोंडाची एकच बाजू हसली आणि शब्द एकेक करून आले, "मी... मिक्सरला... केलेलं. तू... कशाला घातलंस?" पंतांस लाज वाटली आणि रडूही आले, आणि दोन्ही गिळून त्यांनी नाड्या सोडिल्या. मग चार स्क्रू काढिले आणि झाकण उचलिले, तो बॅटरी टम्म फुगून जागेत अडकलेली. "ओढू नका, पेचकस खुपसू नका, बाजूचं प्लास्टिक जरा फाकवा," ऐसा हुकूम आला, आणि घाम गाळीत पंतांनी ती सोडविली, आणि नवी बसवून लाल वायर लालास, काळी काळ्यास जोडिली. बटण दाबिले तो पुन्हा शुकशुकाट! पंतांनी बटण आणखी दोनदा दाबून पाहिले. तेव्हा इस्माईलभाई म्हणाले, "घाबरताय काय? पहिल्यांदा भिंतीची वीज दाखवावी लागते त्याला. झाकण लावा आणि पिन घाला." पिन घातली, आणि टूं जाहले, आणि हिरवा दिवा लागला, तेव्हा पंपाची वायर पुन्हा यूपीएसास जोडिली. "आता उद्यापर्यंत चार्ज होऊ द्या," ऐसे सांगून इस्माईलभाई गिऱ्हाइकाकडे वळले.

गुरुवारी नऊच्या ठोक्यास वीज गेली. यूपीएस टूं टूं करू लागला आणि पंप घुरघुरत राहिला. परंतु पंतांचा विश्वास बसेना. एक हात गादीखाली घालून ते भुईवर बैसले. दहा वाजले, हात मुंग्यांनी भरला, तरी काढवेना. आदले दिवसापासून डोळ्यास डोळा लागला नव्हता, मान पुढे पडे आणि दचकून वर येई. आईसाहेब बराच वेळ पाहत होत्या. मग डावा हात सरकवीत आणिला, लेकाच्या डोकीवर ठेविला आणि म्हणाल्या, "नीज जरा... दिगू. मी आहे ना... जागी."

आणि पंत तिथेच, खाटेच्या काठास डोके टेकून निजले.

ऐसे जाहले. आईसाहेबांची पाठ फळीस लागली नाही. अकरास वीज आली ती पंतांस कळली नाही, आणि आईसाहेबांनी शालिनीबाईंस बोटानेच खुणाविले की त्याला उठवू नको. याउपर लिहावे ऐसे काही घडले नाही.