आबांची फ्रेंच

कौतिकआबांना साऱ्या जगात एकाच माणसाची भीती वाटत होती आणि नेमका तोच त्यांच्या नातीला, कुंदाला, पाहायला येत होता. जीवराम धुळ्याच्या कॉलेजात शिकवायचा. पुण्याला असताना तो फ्रेंच शिकला होता.

आबा पहिल्या लढाईत फ्रान्सला जाऊन आले होते. येताना त्यांनी 'त्रुक' हा एकच शब्द आणला आणि पस्तीस-चाळीस वर्षं भडगावात त्यावर फ्रेंच चालवली. मोटेचा खिळा त्रुक, कुस्तीतला डाव त्रुक, विहिरीतून घागर काढायची हातोटीही त्रुक. तिथला एक शिपाई दिसेल त्या वस्तूला त्रुक म्हणायचा, म्हणून आबाही म्हणायचे. अर्थ देवालाच ठाऊक!

"आते काय करशात?" सुंदरबाईंनी नवऱ्याला विचारलं. "बढाईखोराना घरनी पोर कोण करी?"

"त्याले जेवाले बसाडू. तोंडमा घास ऱ्हाई म्हणजे बोलाव नही."

"पसंती नही, काही नही, आनि जेवन?"

पण आबा ऐकतात कसले! जीवरामच्या ताटात कुंदाच्या हातून पुरणाचे मांडे पडू लागले. त्यानं तोंड उघडलं, की आबा ओरडायचे, "आखो एक ल्या!" बिचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात शेजारचे गिरधरनाना ओट्यावर येऊन टेकले. "मास्तर, आमना आबाना त्रुक म्हंजे काय शे हो?"

आबांनी मांडा उचलला, पण जीवरामनं ताटावर दोन्ही हात आडवे धरले. घास गिळून तो म्हणाला, "फ्रेंच लोकांच्या बोलण्यातला शब्द आहे, नाना. दक्षिणेकडच्या बोलीतून आला. मुळात डाव, युक्ती. मग हातोटी. आता ज्याचं नाव आठवत नाही, ते सगळंच त्रुक."

आबांची छाती फुगली. आपण इतकी वर्षं खरं बोलत होतो, हे त्यांना आजच कळलं!

"आणि आबा," जीवराम हसत म्हणाला, "हे मांडेही त्रुकच ना? मुलगी पसंत आहे, आता तरी थांबा."

सगळे हसले. सुंदरबाई मात्र माजघराच्या दारात विचार करत उभ्या होत्या. लग्नापासून त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. गावात कोणतीच बाई घेत नसे.

"मास्तर, नाव लेवानं नशी तरी त्रुक चाली का?"

"चालेल की!"

"ओ त्रुक," सुंदरबाईंनी खणखणीत हाक मारली, "पाव्हनास्ले पानी द्या!"

दिवेलागणीपर्यंत गल्लीत घरोघरचे नवरे त्रुक झाले. आबांनी फ्रेंच सोडली ती कायमचीच.