पाटीलकाकांची सही

पाटीलकाकांची सही हवी असेल तर आधी त्यांच्या घरी जाऊन बोंबील खावे लागत. शाकाहारी माणसाला वांगं मिळे, पण सूट कुणालाच नव्हती.

सही कसली, ते सांगते. त्या काळी बँकेत खातं उघडायचं तर त्याच शाखेच्या जुन्या खातेदारानं फॉर्मवर सही करून ‘ह्या माणसाला मी ओळखतो’ असं लिहून द्यावं लागे. आणि वाशीची वसाहत तर तेव्हा नुकतीच उभी राहत होती. कोणी गिरगावातून आलेलं, कोणी चिपळूणहून, कोणी लातूरकडचं. शेजाऱ्याचं आडनाव दारावरच्या पाटीवर वाचायचं, अशी सगळी तऱ्हा. ओळख आणायची कुठून? मी नवीन खात्यांच्या काउंटरवर बसायचे आणि लोक माझ्यापुढे केविलवाणं तोंड करून उभे राहायचे. मग मी त्यांना पाटीलकाकांकडे पिटाळायचे.

काका इथलेच, सेक्टरांना लागून असलेल्या गावठाणातले आगरी, आमच्या शाखेचे सगळ्यात जुने खातेदार. घरी एकटेच, मुलगा मस्कतला. पांढरा सदरा, खांद्यावर टॉवेल, आणि खिशाला पेन कधीच नाही. कोणी फॉर्म पुढे केला की ठरलेलं उत्तर, "वळख नाय, सही नाय. रविवारी जेवाया ये."

एका सोसायटीचे चेअरमन गाडीतून आले. म्हणाले, "पाटील, दोन मिनिटांचं काम आहे, करून टाका."

"दोन मिन्टांत मी तुला काय वळखू? तुजी बायको तरी तुला वळखली का आजून?"

चेअरमन रविवारी गुपचूप जेवायला गेले. एका शाळेतल्या बाईंना मात्र पहिल्या जेवणातच सही मिळाली. का, म्हणून मी विचारलं. काका म्हणाले, "जेवली नि माजंबी ताट उचलाया लागली. आजून काय वळखायचंय?" बँकेच्या नियमांत हे कुठेही बसत नव्हतं. पण काकांनी ओळख दिलेला एकही माणूस आम्हाला कधी महागात पडला नाही, हेही खरं.

तर अशा आमच्या शाखेत एक दिवस परदेशी माणूस आला. ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं आणि वाशीत गोऱ्या माणसाचं कोण अप्रूप! शिपायानं खुर्ची टॉवेलनं पुसून दिली. आग लागली तरी न हलणारा कॅशियर पिंजऱ्यातून बाहेर आला. मीही पदर नीट केला, उगाच खोटं कशाला बोलू. हा लास्लो, हंगेरीचा इंजिनियर. रबाळ्याच्या एका कारखान्यात मशिनं बसवायला आलेला, तिथल्याच पाहुण्यांच्या खोलीत राहणारा. त्याला वाशीत फ्लॅट भाड्यानं घ्यायचा होता, कारण दिवाळीनंतर त्याची बायको यायची होती. घरमालक चेकशिवाय बोलायला तयार नव्हता, आणि चेकबुक हवं तर खातं हवं. थोडक्यात, खातं नाही तर घर नाही, आणि घर नाही तर बायको नाही.

आमचे मॅनेजर सामंतसाहेब तो पासपोर्ट पाहूनच घामाघूम झाले. कारखान्यातले लोक ओळख द्यायला तयार होते, पण त्यांची खाती सगळी मुंबईला. साहेब मला म्हणाले, "उद्या वरून कोणी विचारलं तर मी काय सांगू? पाटलांची सही आणा. ती असली की मी निर्धास्त."

मग मीच लास्लोला गावठाणात घेऊन गेले. काकांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. उंच माणूस, वेळ लागला.

"ह्याची बोली मना नाय येत, माजी ह्याला नाय. वळख व्हनार कशी?"

"काका, पासपोर्ट आहे ना त्याच्याकडे."

"त्यात त्याचं नाव हाय. तो कुटं हाय त्यात?" आणि लास्लोकडे वळून, बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडून म्हणाले, "रविवारी. जेवाया."

एक रविवार गेला, दुसरा गेला. मी विचारावं आणि काकांनी मान हलवावी, "आजून नाय." पावसाळा सरला, घटस्थापना झाली. माझा जीव टांगणीला, आणि लास्लो बघावा तर मजेत. काकांबरोबर खाडीत जाळं लावायला जातोय, कुणाच्या हळदीत नाचतोय, सुकट खाऊन उन्हात लाल होतोय. एके दिवशी तो माझ्या काउंटरवर वाकला आणि गंभीरपणे म्हणाला, "बाय, मना खातं पायजे." कॅशियरला हसून हसून ठसका लागला.

मी मात्र संध्याकाळी काकांना गाठून चांगलीच तणतणले. "काका, त्याच्या बायकोचं तिकीट निघालंय. तुमच्या हट्टापायी बिचारीचं येणं राहील."

"मग खोटी सही करू का, बाय? आजवर नाय केली." कपाळावर हात मारून घरी आले.

दसरा झाला आणि एका सकाळी काका आपणहून लास्लोला घेऊन बँकेत हजर. "झाली वळख. काड फारम." अख्खी शाखा साहेबांच्या केबिनमध्ये जमली. शिपाई तर दारात पाय उंचावून उभा. मला इतका आनंद झाला की फॉर्म मी उलटाच पुढे ठेवला. साहेबही खुशीत होते. म्हणाले, "पाटील, तुम्ही ह्याला ओळखता, ठीक. पण हा तुम्हाला ओळखतो का?"

सगळे हसले. लास्लो हसला नाही. इंजिनियर माणूस, प्रश्न आला म्हणजे उत्तर द्यायचं, एवढंच त्याला ठाऊक. तो उठून उभा राहिला.

"वळखतो. पाटील भात दोन मानसाचा करते. दोन ताट. एक पाटीलचा, एक पोराचा. पोरगा मस्कत हाय, येत नाय. सकाळी भात कावळ्याला. आता मी हाय, तो भात मी खातो."

"गप रं," काका म्हणाले.

लास्लोला वाटलं, आपलं बोलणं नीट कळलं नाही. म्हणून त्यानं आणखी सावकाश सांगितलं. "पोराचा पत्र नाय. पाटील सांगते, पत्र आला. पत्र येत नाय."

मी काकांना नेहमी विचारायचे, मुलाचं काय म्हणून. ते म्हणायचे, "पत्र आलंय, मजेत हाय." परक्या माणसासाठी खोटी सही न करणारा हा माणूस, एवढं एकच खोटं इतकी वर्षं माझ्याशी बोलत आला होता आणि मला ते कधी कळलंही नव्हतं. त्यांच्याकडे बघवेना.

काका कुणाकडेच बघत नव्हते. त्यांनी हात पुढे केला. "बाय, पेन दे."

त्यांनी सही केली, नेहमीसारखीच मोठी, एकेक अक्षर सुटं. साहेबांनी काहीतरी बोलायचं म्हणून सगळ्यांना चहा सांगितला. लास्लो पुन्हा पुन्हा काकांचा हात हातात घेत होता. आपण काय बोलून गेलो, ह्याचा त्याला पत्ता नव्हता.

"ह्याची बायको आली की भात वाडवाया लागंल," काका बशीत चहा ओतत म्हणाले.

मी म्हटलं, "काका, ह्या रविवारी मी आले तर चालेल?"

"ये की," ते म्हणाले. "तुला कवा माजी सही लागली नाय, म्हनून बोलवायचं राहून गेलं बग."